वीसने भागलेली टायरेल

शर्यतीच्या मोटारीची 1/20 प्रमाणातील प्रतिकृती पहिल्यांदा हातात घेतली की असे वाटते की मूळ मोटारीच्या प्रत्येक मापाला वीसने भागले म्हणजे काम झाले. मलाही तसेच वाटत होते. गेल्या वर्षी जून ते डिसेंबर एवढा काळ एक टायरेल पी34 जोडण्यात, रंगवण्यात आणि नंतर तिची छायाचित्रे काढण्यात घालवल्यावर माझ्या ध्यानात आले की वीसने भागले जाते ते फक्त प्लॅस्टिक. रंगाचा थर, हवेतली धूळ, पाण्याचा थेंब आणि कॅमेऱ्याचे भिंग या चार गोष्टी आपल्या मूळ मापातच राहतात, आणि या छंदातले बहुतेक कष्ट त्या चौघांशी जुळवून घेण्यातच जातात.

टायरेल पी34 म्हणजे फॉर्म्युला वनमधली ती प्रसिद्ध सहाचाकी मोटार. डेरेक गार्डनर या अभियंत्याने तिची रचना केली आणि 1976 व 1977 या दोन हंगामांत ती शर्यतींत उतरली. त्या काळच्या नियमांनुसार पुढच्या नाकाडाची रुंदी दीड मीटरपर्यंतच असू शकत असे आणि नेहमीच्या आकाराची पुढची चाके त्या नाकाडाच्या वर व बाहेर डोकावून हवेला अडथळा करीत. गार्डनरने चाकाची रिम दहा इंचांवर आणली, जेणेकरून चाके नाकाडाच्या आडोशाला राहतील. परंतु लहान चाकामुळे रस्त्यावरची पकड कमी होणार, म्हणून प्रत्येक बाजूला एकाऐवजी दोन चाके बसवली. ही कल्पना कागदावरच राहिली नाही. 13 जून 1976 रोजी स्वीडनमधल्या अँडरस्टॉर्प येथे टायरेलच्या दोन चालकांपैकी जोडी शेक्टर पहिला आणि पॅट्रिक देपाये दुसरा आला, आणि सहाचाकी मोटारीने जिंकलेली ती एकमेव ग्रां प्री ठरली. पुढे 1983 पासून चारच चाके असावीत असा नियम झाल्याने तो विषय कायमचा मिटला.

माझ्याकडे आलेले किट टामिया कंपनीचे, 1976 च्या जपान ग्रां प्रीतल्या मोटारीचे आहे. जपानमध्ये शिकणाऱ्या भाच्याने सुट्टीला येताना ते कपड्यांच्या घडीत गुंडाळून आणले. टामिया ज्या शिझुओका प्रांतातली, त्याच प्रांतात फुजी स्पीडवे आहे आणि 24 ऑक्टोबर 1976 ची ती शर्यत तिथेच झाली होती. पाऊस आणि धुके यांमुळे शर्यत उशिरा सुरू झाली, निकी लाउडाने दोन फेऱ्यांनंतर मोटार थांबवली, मारिओ आंद्रेत्ती जिंकला, देपाये दुसरा आला आणि तिसऱ्या क्रमांकावरच्या जेम्स हंटने लाउडाहून एका गुणाच्या फरकाने विश्वविजेतेपद मिळवले. ही कथा वाचलेल्या माणसाच्या हातात ते किट पडल्यावर त्याच्या मनात जे चित्र उभे राहील तेच माझ्याही मनात उभे राहिले: भिजलेला काळा रस्ता, मागे धुके आणि थेंबांनी डवरलेली निळी मोटार. खोके उघडण्याआधीच मी छायाचित्र ठरवून मोकळा झालो होतो, आणि पुढच्या निम्म्या चुका त्यातूनच झाल्या.

जोडणीची सुरुवात मात्र नीट झाली. प्लॅस्टिकच्या चौकटीत अडकलेले सुटे भाग आधी साबणाच्या कोमट पाण्यात धुतले, कारण साच्यातून भाग सुटावा म्हणून वापरलेल्या तेलकट पदार्थाचा अंश त्यांवर राहिला तर रंग धरत नाही. भाग कापताना चौकटीपासून थोडे अंतर सोडून पहिला काप आणि मग अगदी लगत दुसरा काप घ्यावा लागतो. एकाच कापात उरकायला गेल्यास प्लॅस्टिक ताणले जाऊन तिथे पांढरा डाग पडतो. इंजिन म्हणजे कॉसवर्थचे तीन लिटरचे आठ सिलिंडरांचे डीएफव्ही. हे इंजिन मोटारीच्या सांगाड्यात ठेवलेले नसून स्वतःच सांगाड्याचा भाग असते, चालकाच्या पाठीमागच्या भिंतीला ते बोल्टने जोडले जाते आणि मागचे निलंबन (चाकांना धरणारे सस्पेन्शन) पुढे त्याच्यावर पेलले जाते, हे मी अनेकदा वाचले होते. तरीही सांगाडा, इंजिन आणि गिअरबॉक्स ही तीन ठोकळ्यांची आगगाडी हाताने जोडताना मधला ठोकळा काढला तर मागची चाके कशालाच जोडलेली उरत नाहीत, हे दिसले तेव्हाच ती रचना मला खऱ्या अर्थाने कळली. आठ स्पार्क प्लगच्या आठ तारा किटमध्ये नव्हत्या. जुन्या इअरफोनची वायर सोलून निघालेल्या बारीक तारा मी वापरल्या. त्या अर्धा मिलिमीटरपेक्षाही बारीक होत्या, आणि तरी मूळ मोटारीच्या हिशेबात त्या आठ-नऊ मिलिमीटरच्या झाल्या. चालून गेले.

सहा चाकांनी मात्र चांगलाच घाम काढला. तिवई कधीच डुगडुगत नाही आणि चार पायांचे स्टूल अनेकदा डुगडुगते, हे आपल्याला घरोघरी ठाऊक असते. सहा पायांचे स्टूल सपाट बसवणे म्हणजे काय याचा अनुभव मला दोन रविवार आला. मी एक जाड काच टेबलावर ठेवली, तिच्यावर मोटार ठेवली आणि प्रत्येक चाकाखाली वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी सरकवून पाहिली. जी पट्टी ओढल्यावर अडत नाही ते चाक हवेत. पुढून दुसऱ्या जोडीतले डावे चाक सतत हवेत राहत होते. निलंबनाच्या दांड्या पूर्ण वाळण्याआधी मोटारीवर मिठाची पिशवी ठेवून ती रात्रभर काचेवर दाबून ठेवली, तेव्हा सकाळी सहाही पट्ट्या अडल्या.

तोवर जुलै उजाडला होता आणि पुण्यात संततधार लागली होती. शहाणा माणूस अशा वेळी रंगकाम हाती घेत नाही. मी राखाडी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, मारला तो ठीक बसला, म्हणून धीर करून निळ्या लॅकरचा, म्हणजे झटपट वाळणाऱ्या रंगाचा, पहिला हात दिला, आणि पाच मिनिटांत त्या निळ्यावर साय धरल्यासारखा पांढुरका पडदा आला. त्याचे कारण साधे आहे. लॅकरमधला थिनर वेगाने उडून जाताना पृष्ठभाग थंड करतो, आणि हवा दमट असेल तर त्या थंड पृष्ठभागावर बाष्प जमून ते ओल्या रंगात अडकते. हळू उडणारे थिनर थोडेसे फवारले असते तर तो पडदा कदाचित विरघळला असता. मी त्याऐवजी घाईने रंगाचा दुसरा जाड हात दिला आणि पांढुरकेपणा खाली कायमचा बंद करून टाकला. तो सगळा रंग थिनरने पुसता आला नाही, कारण थिनर प्लॅस्टिकही खाते. अखेर 1000 क्रमांकाच्या वॉटर पेपरने, पाण्याची बोटे लावत, तीन संध्याकाळ घासून मी प्रायमरपर्यंत परत आलो.

या घासण्यातून एक गोष्ट लक्षात आली. प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक लेप मिळून सहज दशांश मिलिमीटरचा थर होतो, म्हणजे मूळ मापात दोन मिलिमीटर. खऱ्या मोटारीवर कोणी दोन मिलिमीटर जाडीचा रंग दिला तर पत्र्यांमधल्या सगळ्या फटी लिंपून जातील आणि प्रत्येक कड साबणाच्या वडीसारखी गोल दिसेल. अनेक प्रतिकृती सुबक असूनही खेळण्यासारख्या का दिसतात, याचे निम्मे उत्तर मला वाटते या जाडीत आहे. म्हणून दुसऱ्या खेपेस मी फटींच्या रेषा सुईच्या टोकाने आधी थोड्या खोल करून घेतल्या, रंग पातळ केला आणि एका जाड हाताऐवजी पाच विरळ हात दिले. पावसाने उघडीप दिलेल्या एका दुपारी हे काम उरकले आणि प्रत्येक हातानंतर भाग पिठाच्या मोठ्या रिकाम्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकून ठेवले. डब्यामुळे दमटपणाइतकीच धूळही दूर राहिली. दोन मिलिमीटरचा कापसाचा तंतू म्हणजे त्या मोटारीवर चार सेंटिमीटरचा दोर, हे एकदा मनात ठसले की माणूस पंखा बंद करून, अंगातला सुती सदरा बदलून रंगवायला बसतो.

डेकल म्हणजे मोटारीवर चिकटवायची छापील चिन्हे; त्यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ती पाण्यात भिजवायची, कागदावरून सरकवायची, खालची हवा कापसाच्या बोळ्याने मधून कडेकडे काढायची आणि घाई करायची नाही. 4 हा देपायेचा क्रमांक, एल्फ या तेल कंपनीची चिन्हे आणि जपानी प्रेक्षकांसाठी त्यांच्या लिपीत लिहिलेले संघाचे नाव ही सारी एका आठवड्यात बसली. दुखणे निघाले ते निराळ्याच जागी. चालकाला आपली चिमुकली पुढची चाके दिसावीत म्हणून पी34 च्या बाजूच्या भिंतींना लहान पारदर्शक खिडक्या ठेवल्या होत्या, आणि त्या मोटारीच्या चेहऱ्यातला मला सर्वांत आवडणारा भाग त्याच आहेत. त्यांपैकी डावी खिडकी मी झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवली. त्या गोंदाची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर बसली की ते दुधी होते हे मला माहीत होते, परंतु एक थेंबच तर आहे असे म्हणून मी दुर्लक्ष केले. सकाळी खिडकी मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखी दिसत होती. ती हळूच उचकटून, पॉलिशिंग कंपाउंडने दोन्ही अंगांनी घासून पुन्हा स्वच्छ केली आणि दुसऱ्या वेळी साध्या फेव्हिकॉलने बसवली, जो वाळल्यावर पारदर्शक होतो आणि वाफही सोडत नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस मोटार पूर्ण झाली: वीतभर लांब, निळी, सहाही पाय जमिनीवर. आता माझे ठरलेले छायाचित्र काढायचे होते. रस्त्यासाठी काळा काच पेपर आणला. त्याचा खरखरीतपणा डांबराला शोभतो. मात्र त्याचा काळेपणा फार गडद असतो, म्हणून त्यावर लांबून राखाडी प्रायमरची धूळ उडवली आणि खडूची पूड चोळली. ओलेपणासाठी पारदर्शक चकचकीत लेपाची डबकी केली. मग इस्त्रीच्या फवाऱ्याने मोटारीवर पाणी उडवले आणि कॅमेऱ्यातून पाहिले, तेव्हा सगळा देखावा क्षणात कोसळला. पाण्याचा थेंब आपल्या पृष्ठताणाने जेवढा होतो तेवढाच होतो, त्याला प्रमाण कळत नाही. मोटारीच्या नाकाडावर दोन-अडीच मिलिमीटरचे टपोरे थेंब बसले होते, म्हणजे खऱ्या मापात लिंबाएवढे. पाण्यात ग्लिसरीन मिसळले तर थेंब जागचे हलत नाहीत असे समजले, आणि ते खरेही निघाले. लिंबे जागच्या जागी स्थिर राहिली.

त्यातले बरे वाटलेले एक चित्र मी भाच्याला पाठवले. त्याने उत्तरादाखल एकच प्रश्न विचारला, "मामा, पावसात हे टायर चालतील का?" मी पाहतच राहिलो. मी बसवलेले टायर कोरड्या रस्त्याचे, पूर्ण गुळगुळीत होते. ओल्या रस्त्यावर पाणी बाहेर फेकण्यासाठी टायरला खाचा लागतात आणि फुजीला शर्यत सुरू होताना सर्वांनी तसेच टायर लावले होते. त्यात भर म्हणजे माझ्या मोटारीत चालकही नव्हता, त्यामुळे ती धावते आहे असे दाखवणेही हास्यास्पद होते. रबराच्या टायरवर ब्लेडने खाचा कोरण्याचा विचार एक दिवस केला. पुढच्या चार चाकांची रिम जेमतेम पावणेतेरा मिलिमीटरची आहे हे पाहून तो सोडून दिला. पाऊस रद्द झाला. मोटार सरावाच्या दिवशी पिटच्या, म्हणजे मोटारींची देखभाल होते त्या जागेच्या, रस्त्यावर उभी आहे, ढगाळ हवा आहे आणि चालक अजून यायचा आहे, असे नवे चित्र मी ठरवले.

छायाचित्रणात पहिला प्रश्न असतो तो कॅमेऱ्याच्या उंचीचा. आपण टेबलावरच्या वस्तूचे चित्र सहसा उभ्याने, वरून काढतो आणि त्यामुळे ती टेबलावरची वस्तूच दिसते, कारण त्या प्रमाणात आपण दहा मीटर उंचीच्या मनोऱ्यावरून पाहत असतो. पिटमध्ये उभ्या असलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे एक मीटर साठ सेंटिमीटरवर असतील, तर भिंगाचा मध्य टेबलापासून आठ सेंटिमीटरवर हवा. गुडघ्यावर बसलेल्या छायाचित्रकारासाठी पाचच सेंटिमीटर. मोठा कॅमेरा तेवढा खाली आणताना त्याचे बूड आडवे येते, म्हणून मोटार पाटावर आणि कॅमेरा त्याच्याशेजारी खालच्या पातळीवर ठेवला. मोबाइलच्या बाबतीत युक्ती याहून सोपी आहे: तो उलटा धरायचा, म्हणजे वरच्या कोपऱ्यातले भिंग थेट जमिनीलगत येते.

दुसरा प्रश्न अंतराचा, आणि त्यात मोबाइल फसवतो. त्याचे रुंद कोनाचे भिंग चौकट भरण्यासाठी आपल्याला मोटारीच्या अगदी जवळ, दहा-बारा सेंटिमीटरवर नेते, आणि तिथून नाकाड फुगलेले व मागची चाके आखडलेली दिसतात. मुद्रा अंतरावरून ठरते, भिंगावरून नाही. मी चाळीस सेंटिमीटर मागे गेलो, म्हणजे खऱ्या मापात आठ मीटर, आणि जवळून चित्रे घेण्यासाठीचे साठ मिलिमीटरचे मॅक्रो भिंग लावले. लगेच तिसरा प्रश्न समोर आला: एवढ्या जवळून नाकाडाचे टोक स्पष्ट असेल तर मागचा पंख धूसर होतो, आणि आठ मीटरवरून काढलेल्या खऱ्या मोटारीच्या चित्रात तसे सहसा होत नाही. ही धूसरताच बघणाऱ्याला सांगते की वस्तू लहान आहे. भिंगाचे छिद्र एफ/22 पर्यंत बारीक केले तर स्पष्ट दिसणारी खोली वाढते, पण प्रकाश त्या अरुंद छिद्राच्या कडेला वाकून पसरतो आणि संपूर्ण चित्रच किंचित मऊ पडते. म्हणून त्याहून मोठ्या एफ/8 छिद्रावर, कॅमेरा तिवईवर घट्ट ठेवून, फोकसची कडी केसभर फिरवत नाकाडापासून मागच्या पंखापर्यंत अठरा चित्रे घेतली आणि प्रत्येकातला स्पष्ट भाग संगणकावर एकत्र केला. पहिल्या तीन प्रयत्नांत कोणीतरी घरात चालले आणि लाकडी टेबल हलले. चौथा जमला.

प्रकाशाचा हिशेब मला सर्वांत रंजक वाटला. सूर्याचे बिंब आपल्याला साधारण अर्ध्या अंशाचे दिसते, आणि त्यामुळे सावलीची कड वस्तूपासूनच्या अंतराच्या प्रमाणात मऊ होत जाते. मोटार वीसपट लहान केली की तिच्या पंखाचे जमिनीपासूनचे अंतर वीसपट कमी होते आणि सावलीच्या कडेचा मऊपणाही तितकाच कमी होतो. म्हणजे वीसने न भागल्या जाणाऱ्या माझ्या यादीत ऊन बसत नाही. ते आपोआप भागले जाते. टेबलाजवळ ठेवलेला दिवा मात्र मोटारीच्या मानाने अवाढव्य असतो आणि त्याची सावली कधीच उन्हासारखी पडत नाही. शिवाय चकचकीत निळ्या अंगावर खोलीतले सगळे उमटते. माझ्या एका बऱ्यापैकी चित्रात चालकाच्या जागेपुढच्या गोलाईवर छताच्या पंख्याची तीन पाती आणि ट्यूबलाइट स्पष्ट दिसत होती. वर पांढरी चादर ताणून आकाश केले तेव्हा पंखा गेला, पण चादरीची सुरकुती आली.

म्हणून नोव्हेंबरात सगळा पसारा गच्चीवर नेला. काच पेपर चिकटवलेली फळी कठड्याशी अशी टेकवली की तिची मागची कड दूरच्या झाडांच्या पायथ्याशी जुळावी. डोळ्याला तो रस्ता थेट झाडांपर्यंत गेल्यासारखा वाटतो. आकाश खरे, प्रतिबिंबे खरी. अडचण एवढीच की ती झाडे नारळाची होती आणि त्यांच्या शेजारी दोन काळ्या पाण्याच्या टाक्या होत्या. फुजीच्या पायथ्याशी नारळ कुठून येणार? डिसेंबरात पहाटे धुके पडते तेव्हा समोरचे सारे पुसले जाते, हे आठवून मी थांबायचे ठरवले.

तशी पहाट येईल असे वाटल्यावर मी आदल्या रात्रीच फळी, मोटार आणि तिवई गच्चीवर मांडून ठेवली, म्हणजे सकाळी मांडामांडीत वेळ जाऊ नये. कॅमेरा तेवढा घरात ठेवला. पावणेसातला वर गेलो तेव्हा नारळही नव्हते आणि टाक्याही नव्हत्या, फक्त राखाडी पांढरेपणा होता. मोटारीजवळ वाकलो आणि ती डागाळली की काय असे वाटून आधी धसकाच बसला, कारण निळा रंग मळकट दिसत होता. मग भिंगातून पाहिले. रात्रभरात तिच्यावर दव पडले होते. नाकाडावर, मागच्या पंखावर, त्या छोट्या खिडकीच्या काचेवर दशांश-दोन दशांश मिलिमीटरचे हजारो कण बसले होते, म्हणजे खऱ्या मापात दोन ते चार मिलिमीटरचे, पावसाच्या थेंबाएवढे.

टायर गुळगुळीतच होते. मी कॅमेरा पुढे सरकवला, चौकट खिडकी आणि तिच्यावरच्या जपानी अक्षरांपुरती आवळली, चाके बाहेर ठेवली आणि फोकसची कडी केसभर फिरवत नेली. सोळाव्या चित्रापर्यंत ऊन वर आले आणि थेंब कडेपासून आटू लागले.